मंद्रूपहून येणारा फोन

थेट मुंबईचं तिकीट मिळालं नाही म्हणून मी दक्षिणेतल्या एका किनाऱ्यावरच्या शहराचं विमान धरलं होतं. तिथून रेल्वेनं सोलापूर. आखातात मी एसी दुरुस्तीची कामं करायचो. सुट्टीवर निघालो होतो.

शेजारी बसलेला माणूस अंगाभोवती चादर ओढत पुटपुटला, "लई गार हाय की हितं."

मी वळून पाहिलं. "कुठले तुम्ही?"

"मंद्रूप. तुमी?"

"सोलापूर. विजापूर वेस."

"आरं, मग आपलंच माणूस की!"

तो क्रेन चालवायचा. घरी एकटी आई. तिच्या गुडघ्यांसाठी त्यानं पट्टे घेतले होते. कसे बांधायचे ते मला स्वतःच्या पायावर दाखवलं. अम्मीसाठी घेतलेल्या खजुराचं पाकीट मी फोडलं आणि दोघांनी खजूर खाल्ला.

उतरायची वेळ झाली तेव्हा बाहेर तुफान पाऊस होता. विमान खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. बराच वेळ घिरट्या घातल्या. दुसऱ्यांदा खाली येताना खिडकीत नुसतं करडं पाणी दिसत होतं. मग चाकं टेकली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मागं कुणाचा तरी मोबाइल वाजला.

"आलो बाबा घरी," तो म्हणाला.

पण विमान थांबेना. ब्रेकचा आवाज येत होता, सीट थडथडत होती, तरी ते पुढंच चाललं होतं. त्यानं माझं मनगट धरलं. मग डोंगरावरची ती धावपट्टी संपली, खालची जमीनच संपली.

शुद्ध आली तेव्हा तोंडावर पाऊस पडत होता. वरचं छत फाटलं होतं. मनगटावर त्याची पकड तशीच होती, हात गरम होता. "भाऊ, चला, उठा," मी म्हणालो. त्याचे डोळे उघडे होते. जवळपासची माणसं धावत आली. मला बाहेर काढण्यासाठी त्यांना आधी त्याची बोटं सोडवावी लागली.

पायात सळई घालून मी घरी आलो. काठीशिवाय चालता यायला लागल्यावर एसटीनं मंद्रूपला गेलो. त्याची आई दारात शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, तर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्याला लई दुखलं का?"

"नाही," मी म्हणालो. मला ते ठाऊक नव्हतं. आजही नाही.

"कायतर बोलला असंल की."

"म्हणाला, आलो बाबा घरी."

तिनं ते शब्द स्वतःशी दोनदा म्हटले. मग मला भाकरी वाढली. मी निघताना तिनं शेजारणीकडून माझा नंबर मोबाइलमध्ये घालून घेतला.

पुढच्या मोठ्या पावसात फोन आला. "घरला पोचलास न्हवं?"

मी घरातच बसलो होतो. "पोचलो, आई," म्हणालो.

तेव्हापासून जोराचा पाऊस आला की ती फोन करते. कधी कधी मुलाच्याच नावानं हाक मारते. मी दुरुस्त करत नाही. बायको एकदा म्हणाली, "सांगून टाका ना त्यांना, तुम्ही तो नाही म्हणून." पण त्या आईला ते माहीत आहे. इतर दिवशी ती अगदी नीट बोलते, माझ्या पायाची चौकशी करते, अम्मीला सलाम सांगते. पावसातच तिचं असं होतं. पावसात माझंही मनगट दुखतं, आणि बायकोनं तिथं हात लावला तर मी दचकतो.

परवा इथल्याच एका कारखान्यातलं एसीचं काम संपवून येताना पावसानं गाठलं. रेल्वे पुलाखाली पाणी भरलं होतं, गाडी बंद पडली होती. पोटरीपर्यंत पाण्यात उभा होतो आणि फोन वाजला.

"पोचलास का?"

"पोचलो, आई."

"मग एवढा पाण्याचा आवाज कसला येतोय?"

"दारातल्या पत्र्यावर पडतंय," मी म्हणालो.

"मग भायेर कशाला हुबा हायेस? आत जा की," ती म्हणाली, आणि मी आत जाण्याची वाट बघत फोन तसाच धरून राहिली.