माझ्या बोटाचं न ऐकणारा फळा

आमच्या काकतीच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आला तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून शिकवत होते. म्हणजे खरोखरच पाठ करून. जुना फळा एका भिंतीला, नवा समोरच्या. पोरं माना वळवून त्या काळ्या काचेत आपली तोंडं बघत आणि मी खडू आपटून त्यांना परत बोलवत असे. मग हेडमास्तरांनी फर्मान काढलं की पाचवीचं गणित यापुढे बोर्डावरच. पाचवीचं गणित माझ्याकडे होतं.

प्रशिक्षण कन्नडमधून. माझं कन्नड बेळगावच्या खडेबाजारात भाव पाडून घेण्यापुरतं. शिकवणारे सर एका दमात सुटले की माझ्या कानात फक्त ‘माडि, माडि’ शिरायचं. करा, करा. पण काय करा? शेजारी माझी सहकारी बसली होती. चिकोडीकडची, माझ्याहून बरीच लहान, दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलणारी. ती हळूच कानाशी मराठीत सांगायची.

“आक्का, बोट लावा की. भिऊ नगासा. चावतंय व्हय ते?”

शाळा सुटल्यावर ती माझ्यासाठी थांबायची. काकतीहून बेळगावची बस आम्ही मुद्दाम सोडत असू. तिच्या डब्यातली शेंगाचटणी आणि माझ्या डब्यातली उरलेली भाकरी खात खात ती मला एकेक गोष्ट दाखवायची. मी चुकले की टाळी वाजवून हसायची, पण परत दाखवायची. सख्खी बहीण नसल्याची खंत त्या दिवसांत मला राहिली नाही.

आणि मला जमायला लागलं. बोर्डावर भाकरी काढायची, बोटानं तिचे चतकोर ओढून वेगळे करायचे, पुन्हा जोडायचे. जन्मात अपूर्णांक न कळलेली पोरं “बाई, आता मी, आता मी” म्हणत उठायला लागली. चौथीची पोरं खिडकीला लटकायची. मग नव्या युक्त्या मी आपल्या आपणच शोधायला लागले. बोर्डावरच्या पाढ्यांना माझाच आवाज भरला. बसमध्ये ती विचारायची, “आज काय अडलं न्हाय वाटतं?” मी मोठ्या ऐटीत म्हणायचे, “न्हाय गं!” मला वाटायचं, तिला आनंद होत असेल.

दसऱ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत खंडेपूजा उरकतात. घंटा, बागेतली खुरपी, ऑफिसातला कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू. हे काम नेहमी तिचं. त्या वर्षी बोर्डाचा मान मोठा. तिनं ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं चौकटीवर ओढली, वर झेंडूची माळ घातली. मीही मनापासून हात जोडले.

सुट्टी संपली आणि बोर्डाच्या अंगात आलं. मी बोट इथं लावावं तर रेघ तिथं उमटायची. भाकरीचे तुकडे आपोआप पळायचे. पोरं खदाखदा हसत होती आणि नेमके हेडमास्तर दारात आले. बोर्ड बिघडलाय, असं मी सांगितलं.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” ते म्हणाले.

त्यांच्या मागे ती उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. मी किती सराव केला होता हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ही बोलेल, असं मला वाटलं.

ती बोलली. “जाऊ द्या सर. आक्कास्नी न्हाय झेपत. बोर्डची किल्ली माझ्याकडं द्या, मी बघते.”

दुसऱ्या दिवशी तिच्या हाताखाली बोर्ड शहाण्यासारखा चालला. तोच बोर्ड, तीच वर्गखोली. म्हणजे दोष माझ्याच हातात, हे शाळेनं ठरवलं आणि मीही मुकाट मान्य केलं. माझ्या पोरांचं गणित तिच्याकडे गेलं. त्या तासाला मी शेजारच्या रिकाम्या खोलीत बसून वह्या तपासायची. बेळगावात खासबागेतल्या घरी फोनवरून गॅस नोंदवायलाही सुनेला हाक मारायची. बोट काचेपाशी गेलं की मी ते मागं घ्यायची.

वर्षानं पुन्हा खंडेपूजा आली. हेडमास्तर म्हणाले, “बोर्डला बोटं ओढा की.”

ती ताट हातात घेऊन पटकन म्हणाली, “चौकटीला नगो सर. चौकटीच्या खाचेतनंच बोर्डला बोट कळतंय. गेल्या खेपेस तिथं कुंकू वाळून बसलंतं, बोर्डला ते बोटच वाटाय लागलंतं. फडक्यानं पुसलं तवा कुठं नीट झाला.”

बोलून गेली आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. हेडमास्तर “असं व्हय?” म्हणून नारळ फोडायला वळले. त्यांना काही कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

बसथांब्यावर मी तिला गाठलं. “तुला ठाऊक होतं?”

“दुसऱ्याच दिवशी कळलंतं.”

“मग वर्षभर गप्प का बसलीस गं?”

ती बस येणाऱ्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “शिकलासा आन् मला इचारायचं बंद केलासा. गरज सरो, वैद्य मरो. हात अडला म्हंजे परत इचाराय लागशीला वाटलंतं.”

एवढा संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर रस्त्यावरच रडले असते.

सुट्टीनंतर मी हेडमास्तरांना सगळं सांगून किल्ली मागून घेतली. पोरांना बसवलं, बोर्ड सुरू केला आणि बोट काचेपासून वीतभर अंतरावर थबकलं. ते पुढं जाईना. “बाई, लावा की,” पोरं ओरडली. लावलं. भाकरी उमटली. चतकोर तुटले, जुळले, कुठं काही बिघडलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण मला आनंद झाला नाही. बोर्ड काढून घेतला ते मी विसरेन. पण माझ्याच बोटांची भीती तिनं मला वर्षभर बाळगायला लावली, आणि कशाचीही भीती वाटली की मी आजवर धावत जायची ती तिच्याकडेच.