शिवनेपल्याडचं स्थळ

लिहिण्याचा मला अधिकार नाही. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुकलं तर सांभाळून घ्या.

देवगाव रंगारीहून संभाजीनगरला येताना मी एसटीत सेमिनारचं भाषण पुटपुटत होतो. विषय ब्राझीलमधला एक नदीकाठचा तालुका: सोयाबीन, गुरं, जुना लाकडाचा व्यापार, नदीपलीकडं दुसराच देश.

शेजारच्या काकांनी तंबाखू मळायची थांबवली. "पलीकडं पोरी देत्यात का?"

पुस्तकात ते नव्हतं. काकांनीच सांगितलं, त्यांच्या लेकीला शिवना नदीपल्याडचं चांगलं स्थळ आलेलं, पण नदी ओलांडून लेक द्यायची नाही, म्हणून भाऊबंद अडून बसलेले.

मी चाचरत म्हणालो, "देत असतील."

"मग झालं," म्हणत ते उतरले.

परवा त्याच बसच्या कंडक्टरकडून कळलं, लग्न लागलं. काकांनी भाऊबंदांना सुनावलं होतं, "कॉलेजच्या सरांनी सांगितलंय, ब्राझीलात देश बदलून पोरी देत्यात. तुम्हाला शिवना लई झाली व्हय?"