ही माती खरी कुठली?

पिशवीची गाठ सोडायची, चिमूटभर माती अंगठ्याने बोटावर चोळायची, एकदा नाकाशी न्यायची आणि समोरच्या शेतकऱ्याकडे न बघताच विचारायचं, "ही माती खरी कुठली?" मॅडमचं हे रोजचं होतं. शिरूरला मार्केट यार्डामागे आमची माती तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे मी पिशव्यांना चिठ्ठ्या लावतो आणि नावं लिहून घेतो. तपासणी मॅडम करायच्या.

तुम्ही कधी माती तपासायला दिली असेल तर मनाला विचारून बघा, ती कुठून उचलली होती? शेतातल्या सात-आठ जागची एकत्र करून आणा म्हटलं, की आमची माणसं हटकून बांधावरच्या आंब्याखालची आणतात, नाहीतर उकिरड्याशेजारची. आपलं रान नापास होऊ नये, एवढाच हेतू. पाहुणे आले की आपण शेजारून चांगल्या कपबश्या आणतो, त्यातलंच ते.

कवठे येमाईचे एक आप्पा तर शपथेवर आले. मॅडमनी त्यांच्या पिशवीतून शेळीची लेंडी काढून टेबलावर ठेवली. "ती वाऱ्यानं आली आसंल," आप्पा म्हणाले. मॅडम इतक्या हसल्या की शेवटी आप्पांनाही हसू फुटलं. मग त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून त्या रानात गेल्या आणि नागमोडी चालत ठिकठिकाणची खरी माती घेऊन आल्या. मॅडमच्या घरी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मेंढरं होती. लेंडी ओळखायला त्यांना मशीन लागत नव्हतं.

त्यांना ध्यास एकच, मृदाशास्त्रात पीएचडी. प्रवेशाची जाहिरात आली की कात्रण कपाटाच्या दाराला चिकटायचं. दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आल्या होत्या. फेलोशिपची वयोमर्यादा त्या वर्षी संपत होती, म्हणजे तिसरी खेप शेवटची. त्यांचे वडील, आबा, आता पुरे असं म्हणत नव्हते, पण काय झालं म्हणून विचारतही नव्हते. ते मॅडमना जास्त लागायचं.

मुलाखतीला महिना राहिला तेव्हा त्यांनी मला संशोधनाचा आराखडा वाचून दाखवला. त्यात उपग्रह होते, नॅनो खतं होती, कृत्रिम बुद्धिमत्ता होती. मला ओ की ठो कळलं नाही. मी मुळातच फटकळ. म्हणालो, "मॅडम, ही माती खरी कुठली?"

त्यांनी आराखड्याची पानं मिटून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आपलं तोंड आज जरा जास्तच चाललं. पण त्या हळूच म्हणाल्या, "बांधावरची हाय, काका. समदी दुसऱ्याच्या रानातली."

मग प्रत्येक रविवारी त्या दौंडकडच्या कालव्यालगत उसाच्या रानांतून हिंडू लागल्या. तिकडे काही जमीन चोपण झालेली, मीठ वर येऊन पांढरी पडलेली. ती माती कोणी आमच्याकडे आणतच नाही, आणतात शेजारची काळी. आणि आम्ही त्या काळीवरून खताचा सल्ला देतो. लोक लपवतात त्या मातीवर मॅडमनी नवा आराखडा लिहिला. मुलाखत पाऊण तास चालली. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी आबांनी शिरूरच्या एसटी स्टँडवर दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवला, कंडक्टरच्या हातावर दोन.

मॅडम गेल्या आणि मला काही करमेना. परवा कवठ्याचे तेच आप्पा आले. टेबलावर पिशवी ठेवली आणि प्रश्नाची वाट बघत उभे राहिले. मी आपला चिठ्ठी लिहीत होतो.

"ताई कुठं हायेत?" त्यांनी विचारलं. त्या पीएचडी करायला गेल्या, असं मी सांगितलं.

आप्पांनी ती पिशवी उचलून घेतली आणि काखेतली दुसरी पुढे केली. "मंग ही घ्या, खरी हाय. ती आंब्याखालची ताईंसाठी आणली व्हती. तुम्हाला फसवून काय मजा न्हाई."

ते गेल्यावर मी ती माती चिमूटभर चोळली आणि नाकाशी नेली. मला नुसता मातीचा वास आला. बाकी काही कळलं नाही.