काळे ठिपके मोजायचा प्रोग्राम

भोसरीच्या आमच्या कंपनीत खाली वर्कशॉप आहे आणि वर ऑफिस. खाली ड्रिल सुरू झालं की वर माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो. आम्ही कारखान्यांसाठी तपासणीची यंत्रं बनवतो आणि त्यांचे प्रोग्राम मी लिहिते.

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं यंत्र चाकणच्या एका कारखान्याचं. तिथे गाड्यांना लागणाऱ्या रबरी रिंगा बनतात. पट्ट्यावरून रिंग यायची, वरचा कॅमेरा तिचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा आणि माझा प्रोग्राम त्यातले काळे ठिपके मोजायचा. ठिपके कमी भरले, म्हणजे रिंगेचा टवका उडालेला. मग कॅमेऱ्यापासून बरंच पुढे बसवलेल्या नळीतून हवेचा झोत सुटायचा आणि ती रिंग बाजूच्या ट्रेमध्ये पडायची. पट्टा, नळी, सांगाडा हे सगळं आमच्या एका सीनियरांचं काम. ते मूळचे लातूरकडचे. मी त्यांना दादा म्हणते.

कारखान्यातल्या पहिल्याच ट्रायलला आमची शोभा झाली. पट्ट्याचा वेग वाढवला की माझ्या प्रोग्रामचं उत्तर येईपर्यंत रिंग नळीच्या पुढे निघून जायची. म्हणून पट्टा इतका हळू ठेवला, की तो चालू आहे की बंद तेच कळेना. शेजारच्या टेबलावर काही मुली हातानं रिंगा तपासत होत्या. त्यांचे ट्रे भराभर रिकामे होत होते. लाइनच्या सुपरवायझर ताई जवळच्याच गावच्या. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यापरीस आमच्या पोरी बिगीनं बघत्यात की!"

मुली खुदकन हसल्या. मलाही हसू आलं, पण कान तापले होते.

परतताना गाडीत दादा म्हणाले, "माझा पट्टा पळायला तयार हाय बघ. तुझाच प्रोग्राम बसून राह्यलाय."

दुसऱ्या दिवशी कोड उघडून बसले. मी प्रत्येक ठिपक्यासाठी फोटोला वेगळं विचारत होते, की बाबा, तुझा इथला रंग कोणता? दर वेळी फोटो उघडायचा, तो एक ठिपका शोधायचा, त्याचा लाल-हिरवा-निळा असा साग्रसंगीत रंग बनवून द्यायचा आणि फोटो पुन्हा बंद व्हायचा. डबा उघडून एक शेंगदाणा काढायचा, झाकण घट्ट लावायचं आणि दुसऱ्या शेंगदाण्यासाठी परत उघडायचं, तसला प्रकार. तोही अशा फोटोसाठी, ज्यात काळा आणि पांढरा सोडून तिसरा रंगच नाही!

मग मी फोटो एकदाच उघडून त्यातले सगळे बाइट एका फटक्यात बाहेर काढले. अशा फोटोत एका बाइटमध्ये आठ ठिपके दाटीवाटीनं बसलेले असतात. कुठल्या बाइटमध्ये काळे किती, याचं कोष्टक आधीच करून ठेवलं. म्हणजे ठिपक्या-ठिपक्याला विचारणं बंद, नुसती बेरीज उरली. बटण दाबलं आणि उत्तर हजर. इतक्या लवकर, की मला वाटलं प्रोग्राम चाललाच नाही.

पण अर्धी तुटलेली रिंगही पास व्हायला लागली. काही कळेना, म्हणून काढलेले बाइट ओळीखाली ओळ मांडून स्क्रीनवर चित्र काढून पाहिलं. गोल रिंग तिरकी होऊन एका बाजूला घसरत गेली होती! तेव्हा लक्षात आलं, की प्रत्येक ओळ ठरावीक मापाची व्हावी म्हणून तिच्या शेवटी काही रिकामे बाइट भरलेले असतात. फोटोशी त्यांचा काही संबंध नाही, पण मी त्यांनाही काळ्यात धरत होते, म्हणून तुटक्या रिंगेचे ठिपकेही पुरे भरत होते. ते वगळले आणि रिंग गोल झाली. मी जिन्यावरून धावतच खाली गेले आणि दादांना हाताला धरून वर आणलं.

आम्ही ऐटीत चाकणला गेलो. पट्टा सुरू केला, चांगल्या रिंगांच्या मागे एक तुटकी रिंग ठेवली. कॅमेऱ्याखाली ती आली मात्र, फस्सकन हवा सुटली आणि तिच्या पुढची, चांगली रिंग ट्रेमध्ये जाऊन पडली. तुटकी रिंग निवांत पुढे निघून गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

दादा डोकं खाजवत वाकले, नळीकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "अगं, तुझं उत्तर उशिरा येतंय म्हणून नळी मी इतकी लांब बसवली होती. आता तू लगेच बोलायलीस, आणि रिंग अजून वाटंतच हाय."

"मग मी प्रोग्राम जरा थांबवू का?" मी विचारलं.

"खुळी का काय! आत्ता कुठं पळायलाय. मी नळी सरकवतो."

त्यांनी कारखान्यातलंच ड्रिल मागून घेतलं आणि कॅमेऱ्याला जवळजवळ खेटून नवी भोकं पाडली. मी टॉर्च धरून उभी होते. भुगा केसांत उडत होता. नळी बसली आणि दादांनी पट्ट्याचा वेग वाढवत नेला. रिंगा सरसर जाऊ लागल्या. ताईंनी गुपचूप एका रिंगेला ब्लेडनं खाच पाडली आणि ती मधेच सोडली. फस्स! ती नेमकी ट्रेमध्ये पडली. त्यांनी आणखी एक सोडली. तीही पडली.

"व्हय व्हय, दिसतंय त्याला," ताई म्हणाल्या आणि मुलींकडे वळल्या. "चला गं, उद्यापासून पॅकिंगला. डोळं तरी दुखायचं न्हाईत."

टेबलावरची एक मुलगी उठून पट्ट्याजवळ आली आणि स्क्रीनवर एकामागोमाग उमटणाऱ्या काळ्या गोलांकडे बराच वेळ पाहत राहिली. "मॅडम, कसं मोजतंय हे?" तिनं विचारलं. मी शेजारचं स्टूल ओढलं, तिला बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले. दादा दारातून गाडीची किल्ली हलवून दाखवत होते. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं.