रिकाम्या प्लॉटवरची भेदरं

लग्न होऊन मी साताऱ्याहून नागपुरात आले, ते सत्तरच्या दशकात. रामदासपेठेच्या मागच्या बाजूला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. यांची नोकरी फिरतीची. सोमवारी गेले की शनिवारी यायचे. मधले दिवस मी कुणाशीच बोलत नसे. कधी कधी दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर' सांगताना स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

शेजारच्या वहिनी नागपूरजवळच्या खापा गावच्या. एका सकाळी कुदळ घेऊनच दारात उभ्या राहिल्या.

"काहून वं, एकटीच काय करून राहिली घरात? चाल, मले हात लाव."

क्वार्टरांमागे एक रिकामा प्लॉट होता. विटांचे तुकडे, काचा, गाजरगवत. आम्ही दोघींनी सुरुवात केली. आठवडाभरात आणखी तीन-चार घरच्या बायका आल्या. काळी माती इतकी घट्ट, की संध्याकाळी ताट उचलताना तळहातावरचे फोड दुखायचे. पण झोप लागायची. टोमॅटोला वहिनी भेदरं म्हणायच्या आणि कोथिंबिरीला सांबार. पहिल्यांदा त्यांनी "सांबार पेरून राहिली" म्हटलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या खो खो हसल्या.

जानेवारीत टोमॅटो इतके लागले की खाऊन, वाटून संपेनात. धंतोलीत गृहविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई वहिनींच्या ओळखीच्या होत्या. त्या दर बुधवारी कॉलेज सुटल्यावर येऊन आम्हाला शिकवू लागल्या. टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून साल काढायची, लिंबाचा रस घालून बरण्या भरायच्या, मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून त्या उकळायच्या.

आम्ही घाई केली, बरण्या पुरत्या उकळायच्या आधीच उतरवल्या. काही दिवसांनी बरण्यांमध्ये फेस आला, एकीचं झाकण उडालं आणि माझ्या भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. मला रडूच आलं.

"रडतं काहून? गेलं तं गेलं," वहिनी म्हणाल्या. "झाडाले अजून हायेत ना."

दुसऱ्या खेपेला आम्ही पातेल्यापाशी बसून राहिलो. त्या दुपारी वहिनींनी मला त्यांच्या गेलेल्या मुलीबद्दल सांगितलं. बोलता बोलता त्या बरण्या पुसत होत्या. मीही फडकं घेऊन त्यांच्याबरोबर पुसू लागले. या बरण्या मात्र टिकल्या.

मार्चमध्ये वहिनींच्या यजमानांची बदली चंद्रपूरला झाली. ट्रकमध्ये सामान चढत असताना वहिनींनी आपल्या वाट्याच्या बरण्या माझ्या ओट्यावर आणून ठेवल्या. "रस्त्यात फुटतीन," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवून धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्या गेल्यावर बाकीच्या बायका हळूहळू यायच्या थांबल्या. एप्रिलच्या उन्हात मी एकटीच बादल्या वाहत होते. मग नळाचं पाणी कमी झालं आणि मीही थांबले.

मे महिन्यात एका शनिवारी मी वहिनींनी ठेवलेल्या बरण्यांतली एक उघडली. वास ताजा होता. भाजी केली. यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "बाजारात एवढे चांगले टोमॅटो मिळतात होय अजून?"

सगळं सांगावंसं वाटलं. पण त्यांनी वर्तमानपत्र उघडलं होतं.

"हो," मी म्हणाले, आणि त्यांना आणखी वाढलं.