भूत वजा करणारे विश्वनाथ सर

विश्वनाथ सरांशी माझी पहिली ओळख झाली ती वादावादीतच. धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. मी माकणीहून एसटीनं येणारी, तोंडाळ विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत आम्ही स्वस्तातले भाग जोडून एक रेडिओ केला होता. त्यात एकच स्टेशन दोन ठिकाणी लागायचं: आपल्या जागी मोठ्यानं आणि नको त्या जागी हळू. या दुसऱ्याला आम्ही भूत म्हणायचो. मी म्हणाले, "सर, टाकून द्या हा रेडिओ. स्वभावाला औषध नसतं."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "औषध न्हाय, पण हिशेब हाय. भूत दर वेळी तेवढंच दिसतंय का, ते आधी बघ. तेवढंच असंल तर वजा करता येतं."

आत आलेली लहर त्या रेडिओत दोन वाटांनी जाते. दोन्ही वाटा सारख्या हव्यात. स्वस्त भागांत एक जरा अशक्त निघते आणि तिथूनच भूत उठतं. सरांनी ठाऊक असलेला एक सूर आत सोडला, तो बाहेर किती वाकडा निघतो ते मोजलं आणि संगणकाकडून तेवढाच उलटा वाकवून घेतला. भूत गेलं! मी "अगं बाई!" म्हणून टाळ्या पिटल्या, तर सर डाफरले, "दुपारी पुन्हा मोज. तापल्यावर ह्याचंबी डोकं फिरतं." दुपारी भूत खरंच परत आलं होतं. पुन्हा मोजलं, पुन्हा घालवलं.

माणसांनाही सर हाच न्याय लावतात. माझी एसटी रोज उशिरा यायची आणि प्रात्यक्षिक चुकायचं. नाव कमी करायची भाषा सुरू झाली. सरांनी मला एवढंच विचारलं, "उशीर रोज सारखाच होतो नव्हं?" होकार देताच त्यांनी माझी प्रात्यक्षिकाची वेळच तेवढी उशिराची ठेवली. मी शिकले ती त्यामुळं. आज त्याच प्रयोगशाळेत शिकवते.

निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेतून हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे गावोगावहून रेडिओवर एकमेकांशी बोलणाऱ्यांचा, हवेतला कट्टा सर चालवत. जळकोटचे शिवाजीराव, सरांचे जुने विद्यार्थी, त्यात हमखास असत. पण गेल्या वर्षी सरांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. शिवाजीराव काही विचारत, सर भलतंच उत्तर देत. एका रविवारी त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "तूच चालव. मला आता बाद करा." कानाचं यंत्रही नको म्हणाले. त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि आमचा कट्टा लई ओका वाटू लागला. मला रडू यायचं आणि रागही यायचा.

शेवटी रागानंच काम केलं. मी हेडफोन घेऊन त्यांच्या घरी गेले. "सर, हे कानाला लावा. सूर ऐकू आला की बोट वर करा."

"म्या काय रेडिओ हाय व्हय?"

"स्वस्तातलाच. पण टाकून देणार नाही."

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून खळखळून हसल्या, आणि सरांचं बोट वर झालं. कोणता सूर त्यांच्यापर्यंत किती कमी पोचतो ते मोजलं आणि रेडिओचा आवाज कानाशी येण्याआधी संगणकाकडून तेवढाच उचलून धरला.

पुढच्या रविवारी सर आले. शिवाजीराव नमस्कार करून बोलायला लागले. सर हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी माझ्या हातातला माइक ओढूनच घेतला. "शिवाजी, तुझ्या आवाजामागं बारीक शिट्टी येतीय. कधी बघणार हायेस?"

 पलीकडून शिवाजीराव म्हणाले, "सर, तुम्हाला शिट्टी ऐकू आली?" माझी तर शुद्ध रडारड.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि रविवारची ती खुर्ची त्यांचीच असो. पुढं कान आणखी बदलले तर बदलू देत. आम्ही पुन्हा मोजू.