घोडीच्या पाठीचं औषध

आमचं शेवटचं भांडण झालं ते चतकोर भाकरीवरून. पिठलं संपलं होतं, ठेचा संपला होता, दुरडीत एक चतकोर तेवढी उरली होती. मी ती बायकोकडं सरकवली. तिनं माझ्याकडं सरकवली.

"तुमी खा."

"माझं झालं."

"माझंबी झालं. उगी थोरपणा करू नका."

"थोरपणा तू करून राह्यलीस."

हे आमचं रोजचंच होतं. शेवटी रोजच्यासारखी ती चतकोर फडक्यात गुंडाळून सकाळी घोडीला द्यायला ठेवली. तिनं भांडी विसळली, मी अंथरुणं टाकली. तिनं विचारलं, "दार लावलं का?" मी म्हणलो, "लावलं." लोक आता विचारतात, शेवटचं काय बोलली? दाराचं बोलली.

ही चतकोर कुठून आली ते सांगायचं तर आधी माझं पोट सांगावं लागतं.

मी जालन्यात तांगा हाकायचो, टेसनापासून जुन्या जालन्यापर्यंत. जवानीत असा फुगलो होतो की मी चढलो की तांग्याची फळी कण्हायची. तांग्याचं गणित सोपं आहे. हाकणारा पुढं बसतो, गिऱ्हाईक मागं. मागं वजन कमी पडलं की सगळा भार दांड्यांवरून घोडीच्या पाठीवर. म्हणून आगगाडी आली की बाकीचे तांगेवाले सामान बघायचे अन् मी पोटं बघायचो. एखादा ढेरपोट्या शेठ दिसला की पळत जायचो. काटकुळा मास्तर आला की तोंड फिरवायचो. एकदा इलाज न्हाई म्हणून एका काटकुळ्या मास्तराला मागं बसवलं अन् त्याच्या मांडीवर धोंडा ठेवला. तो म्हणाला, "हे काय?" म्हणलं, "सरकारी कायदा आहे." निजामाचं राज्य होतं, बिचारा धोंडा धरून बसला. उतरताना धोंडा सोबत न्यायचा का, असं विचारून गेला.

पण घोडीला कुठले कायदे? तिची पाठ सोलपटली. ही घोडी बायकोनं शिंगरू असल्यापासून हातानं पाजून वाढवलेली, आई मेलेलं शिंगरू होतं ते. सलोतरी, म्हंजे घोड्यांचा डॉक्टर, आला, जखम बघितली, मंग मला बघितलं. म्हणाला, "औषध घोडीला लावून फायदा न्हाई. ह्याला हलका करा, न्हाई तर घोडी विका. पाठीत किडे पडले की मरंल."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "घोडी मी विकणार न्हाई. तुमाला कोणी घेत न्हाई. मंग तुमीच कमी व्हा."

मी कमी व्हायला निघालो.

पहिल्यांदा गेलो हकीमाकडं. हकीम माझ्याच तांग्यातलं गिऱ्हाईक, मागं त्याला बसवला की तांगा बराबर उभा राहायचा, एवढा तो भरलेला. तरी गेलो. त्यानं उपाशी पोटी सिरका, म्हंजे उसाचा आंबवलेला रस, प्यायला सांगितला. सिरका प्यालो की अशी भूक लागायची की मी घोडीचे हरभरे खाल्ले. घोडी माझ्याकडं बघत राहिली. ते बंद केलं.

मंग एका मारवाडी शेठनं धरमाचा रस्ता दाखवला. म्हणाला, "आम्ही व्रतात दिवसातून एकदाच जेवायला बसतो." मला पटलं. मी पण एकदाच बसलो. पण किती वेळ बसायचं ते शेठ बोलला नव्हता. दुपारी बसलो तो उन्हं उतरली तरी बसलेलोच. बाहेर गिऱ्हाईक हाका मारून राह्यलं अन् मी आतून, "व्रत चालू आहे!"

मंग उपास धरले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. भगर, शेंगदाण्याचा झिरका, रताळी, वर गुळाचा खडा. देव खूश झाले, मी आणखी फुगलो. बायको म्हणाली, "अजून एखादा देव धरला तर दार मोठं करावं लागंल."

घोडीची जखम खपली धरायची अन् पुन्हा फुटायची. बायको कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची अन् घोडीशी बोलायची, "थांब बाई, मालकाचं चालू हाये." ते ऐकलं की मला शरमल्यासारखं व्हायचं. मंग मी जास्तच खायचो.

एक दिवस जेवायला बसलो होतो. ती चुलीपुढं, मी ताटापुढं. दोन भाकरी झाल्या. तिनं तिसरी वाढली. मी उसासा टाकला.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? पोट तर दुसरीलाच भरतं."

तिचा थापणारा हात थांबला. "मंग तिसरी खाता कशाला?"

"तू वाढतीस म्हणून."

"अन् चौथी?"

"तीबी तूच वाढतीस!"

"अवं, मी वाढते ते तुमचं ताट रिकामं दिसतं म्हणून! माझ्या आईनं सांगितलंय, गड्याचं ताट रिकामं दिसू देऊ नये."

"अन् माझ्या आईनं सांगितलंय, बाईनं वाढलेलं टाकू नये. तिचा अपमान होतो."

ती बघतच राहिली. "म्हंजे मी इथं चुलीपुढं घामानं न्हाऊन निघते, अन् तुमी खाता ते माझ्या इज्जतीखातर?"

"मंग काय भुकेनं? भूक कधीच संपलेली असती."

ती हसायला लागली ती थांबेचना. पिठाचे हात तोंडावर घेतले, सगळं तोंड पांढरं. मलाही हसू फुटलं अन् तिसऱ्या भाकरीचा घास अडकला. दोघी म्हाताऱ्या सरगात बसून मला फुगवून राह्यल्या होत्या, अन् आम्ही दोघं शहाणे हकीमाला पैसे देत होतो.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कायदा केला. भाकरी आधी सगळ्या करायच्या, चूल विझवायची, दुरडी मधी ठेवायची अन् दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं. कोणी कोणाला वाढायचं न्हाई. पोट भरलं की उठायचं, ताट रिकामं का भरलेलं ते बघायचं न्हाई.

आमच्या गल्लीत तेव्हा कोणाची बायको नवऱ्यासमोर बसून जेवत नव्हती. समोरची शेजारीण विस्तव मागायला आली अन् उंबऱ्यातच थबकली. "अगं बया! मालकाच्या म्होरं बसून जेवतीस?"

बायकोनं घास गिळला. म्हणाली, "घोडीच्या पाठीचं औषध हाये. सलोतऱ्यानं सांगितलंय."

शेजारीण विस्तव न घेताच गेली. आठ दिवसांत दुसऱ्या एका तांगेवाल्यानं मला टेसनावर बाजूला घेऊन विचारलं, "घोडी न्हाई, घोडा असला तर चालतं का? माझी बायको विचारून राह्यली."

सणाला पुरणपोळी खायचो, पोटभर खायचो. लग्नाला हसनाबादला गेलो की पंगतीत वाढपी लाडू घेऊन अंगावर यायचे. मी ताटावर हात आडवा धरून म्हणायचो, "नको, घोडी आजारी आहे." वाढप्याला काही समजायचं न्हाई, पण पुढं जायचा. सिरका, व्रत, उपास सगळे मला महिनाभर जमले न्हाईत. हे जन्मभर जमलं, कारण ह्यात काही जमवायचंच नव्हतं. जे खाणं मरेपर्यंत चालवता येत न्हाई ते सुरू करूच नये, असं माझं मत आहे.

मी हळूहळू उतरलो. कधी उतरलो ते कळलं न्हाई. एक दिवस तोच काटकुळा मास्तर मागं बसला अन् तांगा सरळ उभा राहिला. मास्तर आपणहून म्हणाला, "धोंडा?" म्हणलं, "कायदा उठला." घरी येऊन खोगीर काढलं. जखमेच्या जागी नवे केस आले होते, पांढरे. बायको त्यावरून हात फिरवत किती वेळ उभी होती.

ती घोडी म्हातारी होऊन मेली. आता तिची लेक आहे. अन् दुरडीतली शेवटची चतकोर दोघांपैकी कोणी घ्यायचं न्हाई, ती सकाळी बायकोच्या हातून घोडीला, असा रिवाज पडला.

त्या शेवटच्या भांडणाच्या दुसऱ्या सकाळी बायको उठली न्हाई. हात लावला तर गार. मी शेजारी हाक मारली. माणसं जमली, कोणी बांबू आणायला गेलं, बाया रडायला लागल्या. परसात घोडी खूर आपटून राह्यली होती. मी आत गेलो, फडक्यातली चतकोर घेतली अन् तिच्यापुढं धरली. तिनं हुंगली अन् तोंड फिरवलं. माझ्या मागं बघत राहिली, बायको येती का म्हणून.

मी चतकोराचे दोन तुकडे केले. एक घोडीसमोर उभं राहून खाल्ला. भूक नव्हती, कोणी वाढलंही नव्हतं. मंग दुसरा धरला. तिनं घेतला.

समोरची शेजारीण, आता तीही म्हातारी झालेली, दारातून बघत होती. म्हणाली, "अवं दादा, घरात मढं पडलंय अन् तुमी खाता?"

म्हणलं, "घोडीचं औषध हाये."

घोडीला पाणी पाजलं, हात धुतले, अन् आत जाऊन बायकोसमोर बसलो.